ब्लेडसाठी एक रिकामा डबा

वनमाला साळवेचं बोट कापलं ते घाटकोपरला, पंतनगरातल्या श्रीसमर्थ सोसायटीत, कचऱ्याच्या पिंपापाशी. सोसायटीत ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा असा नियम होता. म्हणजे लोक तो एकत्र द्यायचे आणि वनमाला तो वेगळा करायची. त्या सकाळी चहाच्या चोथ्यात तिला कागदाचा एक बोळा दिसला. कागद सुक्यात जातो म्हणून तिने तो उचलला, पाणी काढायला मुठीत दाबला, आणि कागदातलं ब्लेड तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात खोलवर गेलं.

वॉचमनने रिक्षा आणली. पालिकेच्या दवाखान्यात टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बोट वळवणारी आतली नस कापली गेली आहे, पुढे ते कितपत वळेल हे आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सेक्रेटरी हर्षद पाटणकर तरुण होता आणि ग्रुपवर लिहिताना वर्तमानपत्रासारखं लिहायचा. ज्या सभासदाने सदर ब्लेड टाकले असेल त्याने स्वतःहून पुढे यावे, असं त्याने टाकलं. त्यावर बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पुढे कोणी आलं नाही.

संध्याकाळी कमिटी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसली. बिल्डिंगमध्ये ब्लेडने दाढी कोण करतं, इथून सुरुवात झाली. तरुण मुलांना सगळ्यांना दाढ्या होत्या, त्यामुळे ती सुटली. स्वतः हर्षदला दाढी होती. मधल्या वयाचे लोक सलूनमध्ये जात, किंवा वापरून फेकायचे प्लास्टिकचे रेझर आणत. साधं दुधारी ब्लेड वापरणारे दोनच निघाले. दुसऱ्या मजल्यावरचे अनंत बागवे आणि चौथ्या मजल्यावरचा दशरथ घाडी. बागवे म्हणाले, मी आठवडाभर रत्नागिरीला होतो. मग सगळे दशरथच्या हनुवटीकडे बघू लागले. ती त्याही संध्याकाळी गुळगुळीत होती.

दशरथ विक्रोळीच्या एका कंपनीत स्टोअरला होता, रिटायर होऊन काही वर्षं झाली होती. वडील कुडाळकडून लालबागला गिरणीत आले, दशरथ लग्नानंतर इथल्या जुन्या इमारतीत आला, ती पाडून ही सात मजली उभी राहिली. नोकरी लागल्यापासून रोज सकाळी दाढी, हे त्याचं ठरलेलं होतं. आजारपणातही त्याने ते सोडलं नव्हतं.

"मी ब्लेड नेहमी कागदात गुंडाळून टाकतो," तो म्हणाला. आपण नीट वागणारी माणसं आहोत, अशा सुरात.

"ते कागदातच होतं, काका," हर्षद म्हणाला.

कागद कुठला होता, यावर थोडी चर्चा झाली. कागद गुजराती पेपरचा होता. घाडींकडे मराठी पेपर येत होता. पण फरसाण गुजराती कागदातच येतं, आणि फरसाण घाडींकडेही येत होतं. तिथे तपास थांबला. सर्वांनी काळजी घ्यावी, असं ठरवून कमिटी उठली.

दशरथला त्या रात्री जेवण गेलं नाही. ब्लेड आपलं नाही असं त्याला छातीठोकपणे म्हणता येईना. आपलं आहे असंही म्हणता येईना. दोन दिवसांनी तो मोसंबी घेऊन वनमालाच्या घरी मानखुर्दला गेला.

वनमाला पलंगावर बसून डाव्या हाताने मेथी निवडत होती. उजवा हात उशीवर ठेवलेला होता. तिची मुलगी श्वेता कॉल सेंटरला दुपारच्या पाळीला जायची, ती निघायच्या घाईत होती. तिने पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, "ब्लेड तुमचं होतं का?"

"माहीत नाही," दशरथ म्हणाला. "असू शकतं."

श्वेताने आईकडे बघितलं. आजवर सोसायटीतून फोन बरेच आले होते, पण प्रत्येकाने आपलं नव्हतं हे सांगायलाच केला होता.

वनमालाने मेथी बाजूला ठेवली. काका, कोणाचं होतं त्याचं मी काय करू, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण कागदात नका टाकू. उघडं ब्लेड चमकतं तरी. कागद दिसला की हात जातोच."

दशरथने मान हलवली. औषधाच्या बाटलीत घालून टाकलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. बाटलीचं झाकण ती उघडते, आत औषध असेल तर ते ओतून बाटली वेगळी काढायची असते, असं वनमाला म्हणाली. डबीचंही तेच. बंद काहीही दिसलं की उघडून बघावंच लागतं.

"मग मी काय करू?"

"दाढी ठेवा," श्वेता म्हणाली, आणि चपला घालून कामाला गेली.

श्वेता ते चेष्टेने म्हणाली की रागाने, हे दशरथला कळलं नाही. घरी येईपर्यंत मात्र त्याचं एक पक्कं झालं होतं. ब्लेड आत जाईल पण बाहेर येणार नाही, आणि कोणाला उघडता येणार नाही, असा डबा पाहिजे. असा डबा हाताशी येईपर्यंत रेझरमधलं ब्लेड काढायचं नाही. ते ब्लेड तर बोथट होऊन गालाला ओढत होतं. तेव्हा दाढीही करायची नाही.

डबा मिळणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं त्याला वाटलं होतं. घाडींच्या स्वयंपाकघरात डबे आणि बरण्या इतक्या होत्या की नव्या बिल्डिंगमध्ये सामान चढवताना टेम्पोवाल्याने, दुकान हलवताय का, असं विचारलं होतं. प्रेमा, म्हणजे दशरथची बायको, घरात आलेलं कुठलंही भांडं टाकत नसे. श्रीखंडाच्या डब्यात कढीपत्ता होता, आइस्क्रीमच्या डब्यात सुक्या कोलंबीचे सोडे होते, च्यवनप्राशच्या बरणीत तिरफळं होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात औषधं होती, आणि औषधांच्या म्हणून आणलेल्या डब्यात पापड.

"एक रिकामा डबा दे," दशरथ म्हणाला.

"रिकामा कुठून असणार?" प्रेमा म्हणाली.

दशरथने एकेक डबा उघडायला सुरुवात केली. एका डब्यात दुसरा डबा होता आणि त्यात रबरबँड होते. एका मोठ्या डब्यात नुसती झाकणं होती, ज्यांचे डबे कधीच फुटले किंवा हरवले होते. हा उपयोगात नाही, असं तो म्हणाला. डबे सापडले तर झाकणं लागतील, असं प्रेमा म्हणाली. शेवटी कोपऱ्यात त्याला एक स्टीलचा डबा मिळाला. त्यात काहीच नव्हतं.

"हा बघ रिकामा."

"तो रिकामा नाही," प्रेमाने तो त्याच्या हातातून घेतला. "तो मोकळा ठेवलाय."

मुलगा प्रीतम हे सगळं सोफ्यावरून ऐकत होता. प्रीतमला स्वतःला छातीपर्यंत दाढी होती. यार बाबा, ऑनलाइन असला डबा मिळतो, उद्या येईल, असं तो म्हणाला. कचरा टाकायला नवीन वस्तू विकत आणायची, हे दशरथला पटलं नाही. प्रेमालाही पटलं नाही. या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं, आणि डबा काही मिळाला नाही.

मग घरातलं जे कोणाच्या डोळ्यावर येणार नाही, ते घेऊन दशरथने प्रयोग केले. काडेपेटी खिशात घातल्यावर आपोआप सरकून उघडली. टूथपेस्टच्या खोक्यातून ब्लेडचं टोक बाहेर आलं आणि फळीवरच्या प्लास्टिकला चीर गेली. काचेची बाटली पिंपात फुटली तर वनमालाचे दोन्ही हात जायचे. प्रत्येक प्रयोगानंतर तेच बोथट ब्लेड तो परत रेझरमध्ये बसवून ठेवायचा. दाढी वाढत होती. ती सगळी पांढरी निघाली, नुसती ओठाखाली थोडी काळी होती.

ही दाढी खाली लोकांना दिसू लागली. दशरथ घाडींसारख्या माणसाने, या वयात, अचानक दाढी सोडली, याचा अर्थ एकच होता. लोक लिफ्टमध्ये गप्प बसू लागले. वॉचमन त्याला बघून मोबाइलवरचं गाणं बंद करायचा. हर्षदने त्याला पाहून एकदा नुसतं खांद्यावर हात ठेवला. ब्लेडच्या प्रकरणात आपण नीट वागलो म्हणून हर्षद आपल्याला धीर देतोय, असं दशरथला वाटलं आणि त्याला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात बागव्यांकडे सत्यनारायण होता. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना बोलावणं गेलं. घाडींना गेलं नाही. प्रेमा हिरवी साडी काढून बसली होती. खालून आरती ऐकू आली, मग प्रसादाच्या वाट्या घेऊन पोरं जिन्याने वर गेली, आणि पोरं चौथ्या मजल्यावर थांबली नाहीत. प्रेमाने साडी घडी करून परत ठेवली. ब्लेडमुळे आपल्याला वाळीत टाकलं, असं ती म्हणाली आणि दोन दिवस तेच म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी रुक्मिणी बागवे तिला भाजीवाल्यापाशी भेटली. रुक्मिणीने तिचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्यात कोण गेलं गं? प्रसाद पाठवावा की नाही, मला काही कळेना. सुतकात कसा पाठवणार?"

प्रेमा भाजी न घेताच वर आली. दशरथ गॅलरीत पेपर वाचत होता. ती स्वयंपाकघरात गेली, तुपाचा जुना पत्र्याचा डबा काढला, त्यातलं कुळथाचं पीठ प्लास्टिकच्या पिशवीत ओतलं, पिशवीला गाठ मारून ती खिळ्याला अडकवली, आणि डबा आणून नवऱ्याच्या पेपरवर ठेवला.

"घ्या. आणि दाढी करा."

डबा उत्तम होता. जाड पत्रा, घट्ट बसणारं गोल झाकण. झाकणाला फट पाडली आणि झाकण कायमचं बसवून टाकलं की झालं. दशरथने पाट घेतला, हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि गॅलरीत बसला. पहिल्या फटक्याला झाकणाला खळगा पडला. पुढच्या काही फटक्यांनी खळगा खोल झाला, पण फट पडली नाही. मग एकदम स्क्रूड्रायव्हर आरपार गेला आणि पत्र्याच्या कडेने दशरथचा अंगठा कापला. नळाखाली अंगठा धरून तो उभा होता तेव्हा बेल वाजली.

दारात त्याचा धाकटा भाऊ शिवदास होता. शिवदास कांदिवलीला राहायचा आणि साकीनाक्याला एका गाळ्यात कामाला होता. तिथे इलेक्ट्रिकच्या मीटरांचे पत्र्याचे खोके बनत. दोघा भावांचं बोलणं आई गेल्यापासून बंद होतं. आई शिवदासकडे असायची. ती गेली तेव्हा दशरथ गावी लग्नाला गेलेला होता. मिळेल त्या गाडीने तो निघाला, आणि कांदिवलीच्या स्मशानात पोचला तेव्हा चिता पेटलेली होती. शिवदास त्याच्यासाठी थांबला नव्हता. त्यानंतर नातेवाइकांच्या लग्नात दोघे एकमेकांना दिसत, आणि वेगवेगळ्या पंगतीला बसत.

तो शिवदास आता दारात उभा होता, आणि त्याचीही दाढी वाढलेली होती.

"कोण गेलो?" शिवदासने उंबऱ्यातूनच विचारलं. भावाभावांत मालवणीच चालायची.

"कोण गेलो म्हणजे?"

"माका खंडून सांगल्यान. तुझ्याकडसून कळूक नाय." त्याचा आवाज जरा चढला. "भावकीतलो माणूस जाता आणि माका भायरसून कळता."

खंडू हा गावचा, दूरच्या नात्यातला. तो घाटकोपरच्या बाजारात मासे घेत असताना त्याला दाढी वाढलेला दशरथ दिसला होता. अशा वेळी तोंडावर विचारू नये म्हणून त्याने काही विचारलं नाही, आणि संध्याकाळी शिवदासला फोन करून, तुमच्यात कोण वारलं, असं विचारलं. शिवदासला माहीत नव्हतं. माहीत नाही असं सांगायची लाज वाटली. दादाला विचारायचं तर बोलणं बंद. पण जो कोणी गेला तो आपल्याही भावकीतला, म्हणजे सुतक आपल्यालाही आलं, असा हिशोब करून त्याने दुसऱ्या दिवसापासून दाढी सोडली. बायको राधाला देवाजवळ दिवा लावू दिला नाही. राधाने रोज विचारलं, कोणासाठी? कळेल, असं तो म्हणत राहिला. रविवारपर्यंत कळलं नाही, तेव्हा तो रागाने निघून आला होता.

"कोणच जावक नाय," दशरथ म्हणाला.

"मगे दाढी कित्याक?"

"ब्लेड टाकूक जागा नाय म्हणान."

शिवदासने हे ऐकून घेतलं. मग त्याने आत डोकावून बघितलं. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवून, हो, खरं आहे, असं सांगितलं.

"आणि तुझी?" दशरथने विचारलं.

"तुझी आसा म्हणान."

प्रेमाने पाणी आणलं. शिवदास चपला काढून आत आला, आणि गॅलरीतला डबा त्याच्या नजरेला पडला. त्याने डबा उचलून झाकण उजेडात धरलं, खळग्यावरून बोट फिरवलं आणि भोकाच्या फाटक्या कडा बघितल्या. दशरथच्या अंगठ्यावरची पट्टीही बघितली.

"पत्र्याक असा मारतत?" तो म्हणाला. बऱ्याच वर्षांनी भावाला बोलायला त्याला काहीतरी मिळालं होतं. डबा कशाला हवा आहे, फट केवढी पाहिजे, हे त्याने खोदून खोदून विचारलं. झाकण बसवून भागणार नाही, पॉप रिव्हेट मारावे लागतील, असं सांगितलं. मग जेवायला थांबला. प्रेमाने भाकरीबरोबर सोड्यांचं सुकं केलं, कारण सुतक नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दशरथ डबा घेऊन साकीनाक्याला गेला. गाळा एका अरुंद गल्लीत होता, एका बाजूला पावडर कोटिंगची भट्टी आणि दुसऱ्या बाजूला खोके बांधणारे. दोन भाऊ, दोघांच्या पांढऱ्या दाढ्या, एकत्र आत येताना बघून प्रेसवरच्या माणसाने मशीन थांबवलं आणि दशरथला स्टूल दिलं. मालकाने शिवदासला बाजूला घेऊन, गावी जायचं असेल तर जा, कामाचं बघू, असं सांगितलं. शिवदासने मालकाला खरं सांगायला सुरुवात केली. पण ब्लेडपासून सुरुवात केली तर वेळ लागेल आणि दाढीपासून केली तर खोटं वाटेल, हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो नुसता, बघतो, म्हणाला.

त्याने जुनं झाकण फेकून दिलं आणि नव्या पत्र्याची गोल चकती कापली. चकतीवर खुणा करून ती मशीनखाली धरली. मशीनचा आवाज मोठा होता. दशरथ शेजारी स्टुलावर बसून बघत होता.

"आवशीचा तोंड कसा होता?" त्याने विचारलं.

शिवदासला ऐकू आलं नाही. दशरथने परत विचारलं, मोठ्याने, इतक्या मोठ्याने की प्रेसवरच्या माणसानेही मान वळवली. शिवदासने मशीन बंद केलं.

"कवळी लागली नाय," तो म्हणाला. चकती त्याच्या हातातच होती. "हॉस्पिटलातसून आणली तेव्हा कवळी पिशवीत होती. राधान लावून बघल्यान. लागली नाय. गाल आत गेलेले. ती आवस वाटतच नव्हती." त्याने चकतीवरचा कीस फुंकून टाकला. "सगळे म्हणत होते दादा येयपर्यंत थांबूया. बर्फ आणूया. मीच नको म्हटलंय. माका तां बघवत नव्हता."

बाहेर कोणीतरी हातगाडी मागे घेत होतं आणि दुसरा त्याला, आने दो, आने दो, म्हणत होता.

"माका सांगूचा होता," दशरथ शेवटी म्हणाला.

"तू फोन खंय घेतलंस?"

ते खरं होतं. स्मशानातून निघताना दशरथने शिवदासचा नंबर काढून टाकला होता, आणि ओळखीचा नसलेला नंबर तो कधीच उचलत नसे. त्याने पायाशी पडलेला पत्र्याचा एक तुकडा उचलला, उलटापालटा केला आणि जपून टेबलावर ठेवला, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून.

"फट जरा लांब कर," तो म्हणाला. "ब्लेड अडकतला."

शिवदासने फट लांब केली. फटीच्या कडा आत वळवून कानशीने घासल्या, चकती डब्यावर बसवली आणि कडेने रिव्हेट मारले. मग डबा उलटा करून हलवला, जमिनीवर आपटला, आणि प्रेसवरच्या माणसाला, उघडून दाखव, असं म्हणून दिला. त्याला उघडता आला नाही.

संध्याकाळी दोघे घाटकोपरला आले. दशरथने ते जुनं बोथट ब्लेड रेझरमधून काढलं आणि डब्यात टाकलं. ते पडल्याचा बारीक आवाज झाला. मग त्याने दाढी केली. एवढ्या दिवसांची दाढी काढायला वेळ लागला आणि नवं ब्लेडही त्यात कामातून गेलं. तेही डब्यात गेलं. त्यानंतर शिवदास बसला. प्रेमाने दोघांचे चेहरे बघितले आणि चहा टाकला.

"हा भरायला किती वर्षं लागतील?" तिने विचारलं.

दशरथने मनात हिशोब केला. ब्लेड कागदाइतकं पातळ असतं, आणि डबा तुपाचा होता. आपल्या हयातीत भरणार नाही, असं तो म्हणाला.

"मग नंतर कोणाला द्यायचा?"

दोघा भावांनी प्रीतमकडे बघितलं. प्रीतमने दाढीवरून हात फिरवला आणि मोबाइल घेऊन आत गेला.

डबा बेसिनखाली राहिला. रुक्मिणी बागवेने तो बघितला आणि नवऱ्याची ब्लेडं पाठवू का असं विचारलं. मग पाचव्या मजल्यावरून पाठवली. फाटलेल्या कपड्यांची शिवण उसवायला बायका अर्धी ब्लेडं वापरत, ती आली. शाळेच्या प्रोजेक्टवाल्यांची कटरची पाती आली. दुपारी दशरथ जरा आडवा झाला की बेल वाजायची आणि दारात कोणीतरी ब्लेड चिमटीत धरून उभं असायचं. प्रेमा वैतागली. आधी ब्लेडवाले म्हणून कोणी विचारत नव्हतं, आता ब्लेडवाले म्हणून कोणी सोडत नाही, असं ती म्हणाली. कटरची पाती आल्यापासून डबाही दशरथच्या अंदाजापेक्षा लवकर जड होऊ लागला.

तेव्हा शिवदासने सोसायटीसाठी मोठा डबा केला. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा बागव्यांनी दिला. त्याला वरून फट, बाजूने पट्ट्या, आणि मीटर रूमच्या भिंतीला बोल्टने पक्का. भरल्यावर तो न उघडता तसाच साकीनाक्याला न्यायचा, तिथून तो गाळ्याच्या भंगाराबरोबर भट्टीत वितळायला जाईल, असं शिवदासने मालकाशी बोलून ठरवलं. हर्षदने त्यावर चिकटवायला सूचना टाइप करून आणली. ती सूचना इतकी लांब होती की डब्यावर मावली नाही, म्हणून ती भिंतीवर लावली आणि डब्यावर प्रेमाने नेलपॉलिशने नुसतं ब्लेड असं लिहिलं.

वनमाला कामावर परत आली तेव्हा तिचं बोट पूर्ण मिटत नव्हतं. झाडू धरताना ते एक बोट सरळ राहायचं. पहिले काही दिवस लोक तिकडे बघायचे, मग बघेनासे झाले. सोसायटीने तिला जाड हातमोजे आणून दिले. ते घालून कचरा निवडता येत नाही असं तिने सांगितलं, आणि त्यातला डाव्या हाताचा तेवढा वापरायला सुरुवात केली. गुजराती पेपरातलं ते ब्लेड कोणाचं होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. बागवे रत्नागिरीहून नक्की कुठल्या दिवशी परत आले, हे कोणी विचारलं नाही. दशरथनेही विचारलं नाही.

एका सकाळी वनमालाने त्याला जिन्यात थांबवलं. मीटर रूमचा डबा तिने पाहिला होता. त्यानंतर पिंपात ब्लेड आलं नव्हतं, हेही तिने सांगितलं.

"बरं झालं," दशरथ म्हणाला.

"काका, आता ट्यूबलाइटचं बघा," ती म्हणाली. "फुटलेल्या ट्यूब तशाच टाकतात. काच निवडायला येत नाही, पायात जाते."

दशरथने ट्यूबलाइटची लांबी हाताने हवेत मोजून बघितली. एवढा लांब डबा कुठे मिळेल, याचा त्याने उभ्या उभ्या विचार केला. मग प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा आणि दोन्ही टोकांना टोपण, असं काहीसं त्याला सुचलं. टोपण कसलं बसेल, ते त्याला कळेना. तो लिफ्टची वाट न बघता चौथ्या मजल्यावर चढून गेला, आणि धाप लागलेली असतानाच शिवदासला फोन लावला.